टन्न की बद्द

उमरग्यातल्या नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी शेजाऱ्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओळख करून घ्यायच्या इतर पद्धती मला माहीत आहेत, पण त्या दिवशी सुचली ती ही.

झालं असं, की मी गॅलरीत दात घासत उभा होतो. खाली आमची गाडी लावलेली होती. गाडी म्हणजे मेहुण्यानं वापरून कंटाळलेली आणि मग मला प्रेमानं विकलेली पांढरी चारचाकी. तिच्यावर कुणाचा डोळा असावा असं तिच्यात काही नव्हतं, पण ती माझी होती. बघतो तर पांढऱ्या दाढीचा, लुंगीतला एक माणूस हातात लोखंडी दांडी घेऊन तिच्या चाकांवर ठोके घालतोय. एक घातला, मान तिरकी केली, पुढच्या चाकाकडे गेला. तिथं एक घातला.

"ए, कोण आहे रे? चोर, चोर!" मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो.

त्या माणसानं मान वर केली नाही. शांतपणे तिसऱ्या चाकाकडे वळला. इतका निर्ढावलेला चोर मी पहिल्यांदाच बघत होतो. मग माझं डोकं फिरलं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फरशी पुसायला भरून ठेवलेली बादली मी उचलली आणि नेम धरून रिकामी केली. माझा नेम आयुष्यात एकदाच लागलाय, तो तेव्हा.

माणूस निथळत उभा राहिला. वर बघितलं. दाढी पिळली. आणि म्हणाला, "सर, पानी टाकायचंच हाय तर टपावर टाका, गाडी तरी धुऊन निघंल. आन मागचं डावं चाक बद्द हाय. हवा मारून घ्या."

"अहो, ते शेजारचे चाचा आहेत," सुनंदा मागून म्हणाली. "काल सामान उतरवताना फ्रीज आत घ्यायला त्यांनीच हात लावला. तुम्ही तेव्हा हमालांना सूचना देत होता."

दस्तगीरचाचांशी माझी ओळख झाली ती अशी. 'सर' म्हणायचं कारण मी शाळेत आहे. शिकवत नाही, क्लार्क आहे. पण आमच्याकडं शाळेच्या फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस सर असतो, आणि मीही ही चूक कधी कुणाला दुरुस्त करू दिलेली नाही.

चाचांनी जन्मभर ट्रक चालवला. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, कधी वर इंदूर. माल कुठला, तर जगात जे जे पोत्यात भरता येतं आणि खोक्यात रचता येतं तो सगळा. ट्रकवाल्यांची एक रीत असते. गाडी हलवायच्या आधी टॉमी घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. टॉमी म्हणजे चाकाचे नट ढिले करायची लोखंडी दांडी. हवा पुरेशी असली की चाक टन्न वाजतं, कमी असली की बद्द. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक बसलंय का, हे डोळ्याला दिसत नाही, ठोक्याला कळतं.

आता चाचा घरी बसलेत. ट्रक गेला, टॉमी राहिली, आणि फेरीही राहिली. सकाळची नमाज झाली की चाचा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघतात. डॉक्टरांची मोठी गाडी, दूधवाल्याची मोटारसायकल, शाळेची रिक्षा, सगळ्यांना एकेक ठोका. एकदा मी त्यांना एका लहान मुलीची तीनचाकी सायकल ठोकताना बघितलं. तिची चाकं प्लास्टिकची होती. चाचांनी मान तिरकी केली आणि तिला सांगितलं, "लांब नगं जाऊ."

त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, टन्न आणि बद्द. कलिंगड, मडकी आणि गॅसची टाकी यांच्याबाबत मी समजू शकतो. पण चाचा तिथं थांबत नाहीत. नगरसेवकाचं भाषण बद्द. बातम्या देणारा पोरगा बद्द. थोरल्या लेकीचं सासर टन्न, पण जावई बद्द. माझ्या सासऱ्यांशी त्यांची एकदाच भेट झाली आणि त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "एकदम टन्न मानूस." मी पंचवीस वर्षं उलट मताचा आहे, पण ते असो. मला त्यांनी एकदा पाठीवर थाप मारली, मान तिरकी केली, आणि काहीच न बोलता निघून गेले. तेव्हापासून मी जरा बेचैनच असतो.

आमच्या गाडीचं मागचं डावं चाक मात्र त्यांच्या मनात बसलं होतं. पहिल्या दिवशी पाण्याची शरम होती म्हणून मी मुकाट्यानं पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मीटर लावून बघितलं. हवा अगदी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी चाचा परत म्हणाले, "डावं बद्द हाय." मी परत गेलो. तिसऱ्यांदा पंक्चरवाल्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "घरी काही टेन्शन हाय का सर?"

मी येऊन चाचांना सांगितलं, "चाचा, मीटरवर बरोबर दाखवतंय."

"मीटर बद्द हाय," चाचा म्हणाले.

मी किल्ली खिशात टाकली आणि शाळेची वाट धरली.

दुसरा छंद रिव्हर्सचा. गल्लीत कुणी गाडी मागं घेताना दिसलं की चाचा असतील तिथून धावत येतात आणि मागं उभं राहून हाताचा पंखा करत ओरडतात, "आन दे, आन दे, आन दे, आन दे... बास." हे 'बास' योग्य वेळी आलं तर या माणसासारखा आधार नाही. माझ्या वेळी ते आलं नाही. मी आपला आरशात चाचांचा हात बघत, विश्वासानं गाडी मागं घेत होतो. एकदम मागून काहीतरी चिरडल्याचा मोठा आवाज झाला. मी थांबलो, आणि चाचा हसतमुखानं म्हणतच होते, "आन दे, आन दे." आमच्या मागच्या दिव्याचा आणि त्यांच्याच ओट्याच्या कोपऱ्याचा त्या दिवशी एकत्र निकाल लागला. चाचांनी खाली पडलेल्या काचा बघितल्या आणि म्हणाले, "जरा जास्तच आनली तुमी."

घरात त्यांची पत काय आहे हे चाचींकडं बघून कळतं. जैतूनचाची म्हणजे लहान चणीची, मोठ्या आवाजाची बाई. चाचा गाडीवर असायचे तेव्हा पोरांच्या शाळा, लेकीचं लग्न, छत गळलं तर पत्रे, सगळं त्यांनीच उरकलं. आता चाचा घरी आले तर त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न. "इस घर में नमक का डब्बा कहाँ है, इनको मालूम नै," चाची सुनंदाला सांगत होत्या, "आन आता येऊन म्हनतेत, डबा हिथं कशाला ठेवला."

त्यामुळं चाचांनी अंगणात आपला वेगळा संसार मांडलाय. एक स्टोव्ह, एक पातेलं, तिखटमिठाच्या बरण्या. गाडीवर करायचे तशी खिमा-टमाट्याची चटणी ते तिथं करतात आणि पातेल्यातूनच खातात. झोपायला पलंग दिला तर झोप लागत नाही. जुन्या ट्रकच्या सीटइतकी रुंद फळी भिंतीला लावून त्यावर गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. चाची त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणतात, "इतकी बरसां वाट बघितली, की मानूस एकदा घरी यील. आला, तर फाटकाबाहेर पार्किंग केल्यासारखा अंगनात पडलाय."

चाचा हे ऐकून दाढीतल्या दाढीत हसायचे. म्हणजे मला वाटायचं, ऐकून.

आता इरफानबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय चाचांची गोष्ट पुरी होत नाही. इरफान हा त्यांचा मुलगा. बापानं डोकं आपटलं तरी तो ट्रकवरच गेला. पण त्याचा ट्रक म्हणजे चाचांच्या भाषेत 'विमान'. चौदा चाकं, गार हवेची केबिन, आणि गाडी कुठं आहे ते मालकाला हैदराबादेत बसून दिसणार. कारण नसताना थांबली की लगेच फोन. इरफानची बायको-पोरं सोलापुरात असतात. येता-जाता तो उमरग्याला बायपासवर गाडी लावून अर्धा तास घरी यायचा, आईच्या हातचं खायचा आणि जायचा.

रमजान ईदनंतर तो असाच आला होता. चाचा टॉमी घेऊन बायपासवर गेले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "पिछला बद्द है." इरफान म्हणाला, केबिनमधल्या काट्यावर सगळ्या चाकांची हवा दिसते, ठीक आहे. चाचा म्हणाले, काटा बद्द है. त्यावर इरफान काहीतरी बोलला. काय बोलला ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. चाचा टॉमी खांद्यावर टाकून चालत घरी आले. आणि त्या दिवसापासून इरफान उमरग्यात थांबायचा बंद झाला.

"चौदा चाकं, सर," चाचा मला म्हणाले. "चौदातल्या एकाला बापानं हात लावला तर काय झिजतंय का ते?"

आईला तो फोन करायचा. कोणत्या दिवशी इकडून जाणार ते सांगायचा. चाची त्या वेळेला गच्चीवर जाऊन उभ्या राहायच्या. आमच्या गल्लीतून बायपासचा पूल दिसतो. पुलावर आला की इरफान हॉर्न द्यायचा, दोन लांब आणि एक आखूड. चाची ओढणी हलवायच्या. चाचा खाली फळीवर बसून राहायचे, गच्चीकडं बघायचेसुद्धा नाहीत.

एकदा मी तिथंच होतो. हॉर्न वाजला, अख्ख्या गल्लीनं ऐकला. दोन मिनिटांनी चाचा मला म्हणाले, "बघा सर, मोठा झाला पोरगा. दारावरनं जातंय आन हॉर्नसुद्धा देत न्हाय."

"अहो चाचा, आत्ताच वाजला की," मी म्हणालो.

"तो त्याचा नव्हं," चाचा म्हणाले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

काय हा अहंकार, असं मी घरी येऊन सुनंदाला म्हणालो. बापानं असं ऐकून न ऐकल्यासारखं करावं? सुनंदानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ती अशी बघते तेव्हा मी काहीतरी चुकलेलो असतो. पण काय, ते विचारायची माझी तयारी नसते.

आता माझ्या दुसऱ्या पराक्रमाकडं येऊ. आमचा गावात एक सेवाभावी क्लब आहे. सदस्य थोडे, पदाधिकारी जास्त. मी सहचिटणीस. अध्यक्ष बसवंतअण्णा, आडत दुकानाचे मालक. आम्ही दरवर्षी झाडं लावतो, आणि जागेचा शोध वाचावा म्हणून त्याच खड्ड्यांत लावतो. यंदा काहीतरी नवीन करू, असं ठरलं आणि मी उठून म्हणालो, "ट्रक ड्रायव्हरांचा सत्कार करू. आपल्या घरातलं मीठ, साबण, औषध, सगळं कुणी आणलं? त्यांना कधी कुणी हार घातलाय का?" टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्यावर टाळ्या पडायची सवय नसल्यामुळं मी सगळी जबाबदारी अंगावर घेतली.

गावातलं मंगल कार्यालय घेतलं. सकाळी अकराची वेळ. शाली, नारळ, हार, फलक. बायपासवरच्या हॉटेलांत आमंत्रणं चिकटवली. त्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालत असताना सुनंदा म्हणाली, "आज दुपारी इरफान जाणार आहे इकडून. चाची वर जाऊन बसणार."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तुमचा आज ड्रायव्हरांचा सत्कार आहे, म्हणून सांगितलं."

अकरा वाजले. साडेअकरा झाले. सभागृहात शंभर खुर्च्या, आणि त्यात एकटे दस्तगीरचाचा. धुतलेला पांढरा पायजमा, डोक्यावर नवी टोपी, डोळ्यांत सुरमा, आणि मांडीवर टॉमी. बाकी एकही ड्रायव्हर नाही.

"काय वो सहचिटणीस," अण्णा माझ्या कानाशी आले, "ड्रायवर कुठं हायत?"

"वाटेत असतील," मी म्हणालो.

"ते तर कायमच वाटंत असतेत," अण्णा म्हणाले. "हिथं कवा येनार?"

शेवटी मी चाचांसमोर जाऊन उभा राहिलो. चाचांनी माझं तोंड नीट बघितलं आणि सगळं ओळखलं.

"सर, माल भरलेली गाडी रोडवर टाकून शाल घ्याला कोन यील? मागं ताडपत्री फाडून माल न्हेला तर तुमची शाल इकून भरायचा का? आन गावात तर दिवसा मोठी गाडी येऊच देत न्हाईत. तुमी आमंत्रन दिलं, पार्किंग कुठं दिली?"

आयुष्यभर शाळेची परिपत्रकं काढली, त्यातही ठिकाण आणि वेळ यांतलं एक कायम चुकतं.

"आता काय करायचं, चाचा?"

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. मग दाढीवरून हात फिरवला. "बायपासला चला की," ते म्हणाले, अगदी सहज सुचल्यासारखं. "चहाच्या हॉटेलापाशी गाड्या दमानं येत्यात. तिथंच घाला हार. आत्ताच जाऊ. उशीर नगं."

ते सहज सुचलेलं नव्हतं हे मला कळलं. मलाही कधीकधी कळतं.

आम्ही बायपासवर गेलो. हॉटेलच्या झाडाला फलक बांधला आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिलो. पांढऱ्या शर्टातली पाच-सहा माणसं, मध्ये पोटावर हात घेतलेले अण्णा, आणि पुढं लोखंडी दांडी घेतलेले चाचा, गाड्यांना हात करतायत. हे दृश्य ट्रकमधून कसं दिसत असेल याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता.

पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली आणि म्हणाला, "साहेब, पेपर क्लिअर हायत. पीयूसी पन हाय."

"आम्ही सत्कार करतोय," मी म्हणालो.

"त्याचा दंड येगळा हाय का?"

दुसऱ्या ट्रकवाल्यानं गाडी पुरती थांबवलीच नाही. चालता चालता माझ्या हातातल्या नारळावर एक नोट ठेवली, "पावती नको" म्हणाला आणि गेला. तिसरी गाडी कर्नाटकातली. अण्णा म्हणाले, थांबा, आता बघा. ते पुढं झाले आणि गोड आवाजात कानडीत म्हणाले, "सत्कार माडतीव्री, इळीरी." म्हणजे सत्कार करतोय, खाली उतरा. ड्रायव्हरनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच शब्द विचारला, "एष्टु?" म्हणजे किती द्यायचे?

"च्यायला," अण्णा म्हणाले, "रोडवर आपल्या जातीच्या मानसांनी ह्यांना लईच लुबाडलंय की वो." आपल्या जातीची म्हणजे पांढऱ्या शर्टाची.

मग चाचांनी आम्हाला हॉटेलच्या ओट्यावर बसवलं आणि एकटेच उभे राहिले. ट्रक आला की ते हात वर करायचे, आणि थांबला की काही न बोलता त्याच्याभोवती फेरी मारून चाकं ठोकायचे. ते बघितलं की ड्रायव्हरचा चेहरा सैल व्हायचा. हा आपला माणूस आहे, हे त्या टॉमीवरून कळत होतं. मग तो खाली उतरायचा, चहा घ्यायचा, शाल घ्यायचा. हार मात्र एकानंही गळ्यात ठेवला नाही. घातला की काढायचा आणि गाडीच्या कपाळाला बांधायचा. एकानं तर अण्णांच्या हातून हार थेट गाडीलाच घालून घेतला आणि म्हणाला, "दम तिला लागतो. मी नुसता बसलेला असतो."

दुपार झाली. हार संपत आले होते. चाचा एकाएकी चाकं ठोकायची सोडून हॉटेलमागं गेले आणि पाण्याच्या रांजणापाशी उगाच उभे राहिले. पुलाच्या टोकाला निळी, लांबलचक गाडी दिसत होती. तिचा वेग काही कमी होत नव्हता.

मला काय झालं मला माहीत नाही. मी एका हातात शाल आणि एका हातात नारळ घेऊन रस्त्यावर गेलो आणि चौदा चाकांसमोर उभा राहिलो. हे शौर्य नव्हतं. रस्ता ओलांडावा की नाही हे ठरवत असताना मी मध्येच अडकलो होतो. ब्रेकचा आवाज, धूळ, आणि मग माझ्या नाकासमोर ट्रकचं निळं कपाळ.

इरफान इंजिन चालू ठेवूनच उडी मारून खाली आला. चेहरा पांढराफटक.

"सर, अब्बाला काय झालं?"

शेजारी भर रस्त्यात गाडी अडवतो, तेव्हा मुलाच्या मनात दुसरं काय येणार? मी काही बोलायच्या आत हॉटेलमागून चाचा बाहेर आले. टॉमी हातात. बाप-लेक एकमेकांकडं बघत उभे राहिले. केबिनमध्ये फोन वाजायला लागला. मालकाला हैदराबादेत गाडी थांबलेली दिसली होती.

"बेटा, मालिक का फोन बजता है तेरा," मी म्हणालो. घाबरलो की मी हिंदी बोलतो.

इरफान वर चढला. फोन कापला. मग त्यानं इंजिनही बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. खाली उतरला आणि बापासमोर जाऊन, अगदी तोंडासमोर तोंड आणून, म्हणाला, "ठोको, अब्बा."

"कायकू?" चाचा म्हणाले. "तेरा काटा बोलता नै क्या?"

"काटा बद्द है, अब्बा."

चाचांनी लुंगी खोचतात तसा पायजमा वर ओढला आणि पुढच्या चाकाला एक ठोका दिला. मान तिरकी केली नाही. यावेळी त्यांनी चाकाकडं बघितलंच नाही, इरफानच्या तोंडाकडं बघितलं.

"कैसा है?"

"टन्न है."

त्यामागचं चाक. ठोका. परत इरफानकडं नजर. "कैसा है?"

"टन्न."

आणि तेव्हा, शाल घेऊन अजून रस्त्यातच उभ्या असलेल्या माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासूनचे एकेक प्रसंग ओळीनं यायला लागले. गॅलरीतून मारलेल्या हाका. काचांचा चुरा झाल्यावरही चालू असलेलं 'आन दे'. गल्लीभर ऐकू आलेला आणि 'तो त्याचा नव्हं' म्हणून झटकलेला हॉर्न. सगळ्या गल्लीला माहीत होतं. चाची समोर येऊनच का बोलतात, आणि 'तो हॉर्न देतो' हे त्यांनी चाचांना कधीच का सांगितलं नाही, तेही मला आत्ता कळलं. जन्मभर उघड्या खिडकीपाशी, इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान त्याच रस्त्यावर कुठंतरी सांडले होते. आणि ईदनंतर इरफान बापाला काय बोलला असेल, तेही विचारायची आता गरज नव्हती.

जोडचाकांपाशी आल्यावर इरफाननं बापाच्या हाताला धरून वाकायला मदत केली. आतल्या चाकावर ठोका पडला. इरफान जरा थांबला.

"ये जरा बद्द लगता, अब्बा."

चाचा सरळ उभे राहिले. असा आनंद मी एखाद्याच्या तोंडावर त्याच्या मुलाच्या लग्नातही बघितला नाही. "बोला नै था मैं?" ते म्हणाले. मग आमच्याकडं वळून, "सर, ईदलाच बोललो होतो मी. मागचा बद्द हाय म्हनून."

खरंच बद्द होतं का? मला विचारू नका. मला चौदाही सारखीच वाजली. इरफाननं मात्र हॉटेलशेजारच्या दुकानातून नळी ओढून आणली आणि त्या चाकात हवा भरली. चाचा शेजारी उभे राहून "और मार, और मार" म्हणत होते. वर केबिनमध्ये फोन वाजत होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

अण्णांनी शेवटची शाल इरफानला घातली. त्यानं ती काढून बापाच्या खांद्यावर टाकली. "उन्हाचं काय शाल," चाचा कुरकुरले, आणि ती घरी पोचेपर्यंत अंगावरून काढली नाही.

गाडी निघाली. पाच पावलांवरून इरफाननं हॉर्न दिला, दोन लांब, एक आखूड. झाडावरचे कावळे उडाले, अण्णांच्या हातातला चहा सांडला.

चाचा हसले. "आज दिला बघा त्यानं हॉर्न."

दरवेळी देतो, असं मी म्हणणार होतो. पण आयुष्यात काही वाक्यं तरी वेळेवर गिळता यावीत.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भाजी निवडत राहिली. मला तेव्हा कळलं की नवीन असं मी तिला काहीच सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो. खाली ओळखीचा ठोका पडला. चाचा आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले होते. सुनंदा चहाचा कप घेऊन बाहेर आली, खाली बघितलं, आणि कप मला न देता कठड्यावर ठेवला.

"चूळ भरा आणि खाली जा आधी," ती म्हणाली. "कसं वाजतंय ते त्यांना सांगायला कुणी नको का?"